एररचा रकाना

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही — बायकोपाशीही नाही, आणि तिच्यापाशी माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे. पण आज सांगतो. मधे विषय बदलायला लागलो तर बदलू देऊ नकोस.

२००५चा उन्हाळा. बर्मिंगहॅम. ॲशेस चालू होती, ऑफिसात कुणी धड काम करत नव्हतं, आणि मी — पुण्याचा, क्रिकेटवेडा — पडलो कशाच्या नादी? बेसबॉलच्या! हसू नकोस. माझे घरमालक रॉन, सत्तरी ओलांडलेले. त्यांचे आजोबा पगारी बेसबॉल खेळलेले. इंग्लंडमध्ये! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे तसा प्रयोग झाला होता आणि एका उन्हाळ्यातच आटोपला. त्यांना नुसतं रॉन म्हणणं माझ्या जिवावर यायचं, म्हणून रॉनकाका, आणि तेही बिनतक्रार ओ द्यायचे. रविवारी जेवायला मी त्यांच्याकडेच. माझे बटाटे ते मांसापासून आठवणीने वेगळे भाजायचे. परक्या मुलखात कुणी अशी माया लावली की माणूस काय काय करून बसतो, नाही?

त्यांच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली — आजोबांनी एक सामना गाजवला होता. पुरावा शून्य. मग मी शनिवारी लायब्ररीत बसून जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म फिरवायला लागलो. मान मोडायची, डोळे चुरचुरायचे, पण काय मजा यायची म्हणून सांगू! आणि एका शनिवारी — सापडला! अख्खा बॉक्स स्कोअर, म्हणजे त्यांचं स्कोअरकार्ड. प्रत्येक नावापुढे आकड्यांचे रकाने. आजोबांचं नाव, आणि पुढे धावा संघात सगळ्यांत जास्त. मी जागच्या जागी ओरडलोच! लायब्ररीतल्या बाईंनी डोळे वटारले, मी धावत बाहेर आलो आणि रॉनकाकांना फोन लावून सांगून मोकळा झालो — खरं आहे सगळं, तुमचे आजोबाच हिरो होते! पलीकडे ते रडत होते.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आत येऊन उरलेले रकाने वाचले. शेवटचा होता एररचा.

आता बघ — आपल्या क्रिकेटमध्ये कॅच सोडला तर शिव्या पडतात, पण स्कोअरकार्डवर त्याची खूण राहत नाही. बेसबॉलवाले मात्र हातून सुटलेला चेंडू नावापुढे लिहितात, छापतात. असं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजोबांपुढे होते तीन. आणि खाली बातमीत सरळ लिहिलेलं, की याच चुकांनी सामना घालवला.

काय करायला हवं होतं मी? पुन्हा एक फोन. पण तोवर रॉनकाकांनी पबमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, चर्चच्या हॉलमधल्या स्थानिक इतिहासाच्या प्रदर्शनात जागाही मिळवली होती. छापील प्रत पुसट, म्हणून टाइप करून मोठा तक्ता करायचं काम अर्थातच माझ्याकडे. बातमी गाळणं सोपं. पण ते तीन एरर? नुसते पुसले तर खालची बेरीज जुळेना. बेरीजही बदलता आली असती — सुचलं होतं मला. पण मग हिरो असूनही संघ हरला कसा, असं लोक विचारणार ना! कुणीतरी सामना घालवलेला दिसायला हवा. म्हणून ते तीन मी हॉब्स नावाच्या खेळाडूवर टाकले. त्याच्यावरच का? कारण त्याच्यापुढे शून्य होतं, जागा मोकळी होती. कधीचाच गेला असेल बिचारा, म्हटलं, कोण विचारतंय.

प्रदर्शन काय रंगलं! रॉनकाका टाय लावून तक्त्यापाशी उभे, येईल त्याला माझा हात धरून सांगताहेत — हा आमचा मुलगा, यानेच शोधलं. मी हवेत! आणि तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. दोन बस बदलून. हॉब्सची नात. आजोबांचा संघाच्या कपड्यातला फोटो प्रदर्शनाला द्यायला आणलेला. त्यांनी बोटाने ओळ शोधली, शेवटपर्यंत नेली, आणि मलाच विचारलं, "हे तीन म्हणजे काय रे, बाळा?"

मी सांगितलं. हो, मीच — छान समजावून सांगितलं, की हे चेंडू तुमच्या आजोबांच्या हातून सुटले.

"अरे देवा. म्हणजे आमच्यामुळे हरले," त्या म्हणाल्या. हसल्या. रॉनकाकांना सॉरी म्हणाल्या — सॉरी म्हणाल्या रे! पिशवीतून अर्धा काढलेला फोटो परत आत सरकवला आणि गेल्या. मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

रॉनकाका गेल्या वर्षी गेले. त्यांचं मन मोडेल, ही सबबही त्यांच्याबरोबर गेली. तरी मी गप्पच. ख्रिसमसला त्यांच्या घरी मला अजून बोलावतात, तो तक्ता दिवाणखान्यात लावलाय, आणि त्यांची मुलगी पाहुण्यांना सांगते की हा आमचाच. मला ते आवडतं. हे खरं कारण. हॉब्सच्या नातीचा पत्ता मी कधी शोधला नाही, आणि शोधणं मला चांगलं जमतं.

तर त्या सामन्याची खरी नोंद अशी आहे. रॉनकाकांच्या आजोबांच्या हातून तीन चेंडू सुटले. हॉब्सच्या हातून एकही नाही.