मिठाची जागा

आमच्या गोदामात ऑर्डर आता थेट कॉम्प्युटरवर येतात. एका ओळीत सगळी माहिती, प्रत्येक माहितीचं घर ठरलेलं, दोन घरांमध्ये चांदणीची खूण. आज माझ्यासोबत काम करणाऱ्या मनीषाने शेजारीशेजारी आलेल्या दोन चांदण्यांतली एक फालतू समजून खोडली. झालं! पुढचं सगळं एकेक घर सरकलं आणि पिनकोडाचा आकडा साबणाच्या खोक्यांच्या घरात जाऊन बसला.

"अगं, घर रिकामं होतं, पण होतं ना!" मी तिला ठणकावलं. रिकाम्या जागेचा मान मला पक्का कळतो.

संध्याकाळी घरी ताटं वाढायला घेतली. बाबांचं मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, म्हणून त्यांच्या ताटात लिंबाची फोड मी वरच्या कडेला मधोमध ठेवली. आईने ती डावीकडे सरकवली.

"तिथे मीठ असतं," ती म्हणाली.