शोभाताईच्या टेबलावरचे रिमोट

रिमोटच्या आत काय काय साचतं ते माणूस उघडून बघत नाय, म्हणून बरं हाय. तेल, साखर, पावडर, एकदा तर पोराचा दुधाचा दात निघाला. आणि हे सगळं काढणारीच्या टेबलापाशी चार दिवस उभं राहिलं, की किस्से असे जमतात की घरी जाऊन कोणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जात नाय. मी तर तीन आठवडे उभा होतो.

मी मोरिवलीचा. शाळा सातवीत सोडली. टेम्पो चालवतो, एमआयडीसीतला माल उल्हासनगरला टाकतो. तिथं कॅम्प चारला चंदूशेठचं इलेक्ट्रिकचं दुकान, आणि दुकानाच्या पायरीवर शोभाताईचं टेबल. ताई आधी अंबरनाथला कंपनीत सोल्डरिंग करायची. कंपनी बंद पडली, ताईचा हात नाय पडला.

माझं काम असं होतं. बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हाक मारायची एकच सोय उरली, डाव्या हातातला रिमोट. पाणी पायजे, कूस बदलायची हाय, की बाबा टीव्हीचा आवाज वाढवणार आणि बायको हातातलं टाकून धावणार. तेच आवाज वाढवायचं बटण चिकटायला लागलं. दाबलं की आत जाऊन बसायचं. कधी आवाज आभाळाला, कधी काहीच नाय. म्हणजे बाबांचं बोलणं दुसऱ्यांदा गेलं.

*

पहिल्या दिवशी मी रिमोट टेबलावर आपटला. "आत्ता करून द्या. टेम्पो उभा हाय."

ताईने रिमोट उचलला आणि नाकाला लावला. मी बोल्लो, "खायचा नाय, दुरुस्त करायचा हाय."

"बाम," ताई बोल्ली. "आणि चहा. घरात कोण झोपून आहे का?"

तिने रिमोट उजेडात धरला. "बाकीची बटणं कोरी आहेत. एकच झिजलंय. हा बघायचा रिमोट नाही, दादा. ही कोणाची तरी घंटा आहे."

मी कोणाला काय सांगितलं नव्हतं. तिथंच सगळं सांगून टाकलं.

ती बोल्ली, "आतलं रबर फाटलंय. ह्याचं रबर मिळत नाही आता. शोधते. थांबावं लागेल."

थांबणं मला जमत नाय. पण थांबलो.

*

घरी बाबांना स्टीलचं ताट आणि चमचा दिला. म्हटलं, वाजवा. बाबांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चमचा डाव्या हाताने खिडकीतून बाहेर फेकला. भिकारी समजतो काय, असं तोंड.

ताईला सांगितलं तर ती बोल्ली, "बरोबर केलं त्यांनी."

*

मी उभा असताना एक काका आले, बरोबर काकू. काकांना शुगर. बोल्ले, "बटणं चिकटतात. धूळ फार आमच्या शिरगावला, बिल्डिंगींची कामं चालू आहेत ना."

ताईने स्क्रू काढला, नखाने झाकण उचकटलं. आतून मुंग्यांची रांग निघाली, टेबलावरून सरळ काकांच्या हाताकडे.

काकू बोलल्या, "धुळीला मुंग्या कशा लागल्या?"

ताई मान वर न करता बोल्ली, "ते ह्यांना विचारा, काकू. मी फक्त रिमोट उघडते."

काका रिमोट तिथंच ठेवून पुढं चालायला लागले. काकू मागं.

*

एक बाई पिशवीतून रिमोट घेऊन आली. असा चकाचक, की मला वाटलं नवा. बोल्ली, "चिकट झाला होता, म्हणून भांड्यांबरोबर घासला. तारेच्या घासणीने. मग दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. तरी चालत नाही."

सगळ्या बटणांवरचे आकडे गेलेले. ताईने उघडला, पाणी पुसलं, सेलच्या पातीवरचा गंज खरवडला, ब्रशने सोल्युशन फिरवलं. रिमोट चालू. वर तिने बारीक ब्रशने नेलपॉलिशचे आकडे पण काढून दिले, एक ते नऊ, लाल.

बाई खूश. "पुढच्या वेळेला काय काळजी घेऊ?"

"घासलाय छान. फक्त कुकरला लावू नका."

*

एक मोठा शहाणा आला. गॉगल केसांत. बोल्ला, "रिमोट डेड आहे. मी इंटरनेटवर सगळं बघितलंय. पार्ट टाका."

ताई बोल्ली, "मोबाईलचा कॅमेरा चालू करा." रिमोटचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. मोबाईलमध्ये जांभळा दिवा लुकलुकला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाय तो, कॅमेऱ्यालाच दिसतो. मी पण पयल्यांदा बघितला.

"रिमोट जिवंत आहे. टीव्हीच्या पुढ्यात काय ठेवलंय?"

"पोराची कबड्डीची ट्रॉफी. मोठी आहे."

"ती बाजूला सरकवा. पोराला माझं अभिनंदन सांगा."

पैसे घेतले नाय. मी बोल्लो, ताई, याच्याकडून घ्यायला पायजे होते, शहाणपणाचे. ती नुसती हसली.

*

दोन आठवडे झाले तरी रबर मिळालं नाय. माझं डोकं फिरलं. रस्त्यावर उभा राहून काय काय बोल्लो. समोरचा कपडेवाला बाहेर आला. चंदूशेठ गल्ल्यावरून बोल्ला, "अरे साईं, शांती रख. नवा घेऊन जा, सब टीव्ही को चलता है."

घेतला. बाबांच्या हातात दिला. त्यात आवाजाच्या जागी बंद करायचं बटण. बाबांनी दाबलं, टीव्ही काळा. परत दाबलं, चालू. परत काळा. मग बाबांनी रिमोट पोटावर ठेवला आणि काळ्या काचेकडे बघत राहिले. तो रिमोट मी भिंतीवर फोडला आणि परत कॅम्प चारला गेलो, परत ओरडायला.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "झालं? बाबा बटण कसं दाबतात, दाखवा."

मी अंगठ्याने दाबून दाखवलं.

"असं तुम्ही दाबता. बाबा कसं दाबतात?"

मला सांगता येईना. मी रोज त्याच खोलीत जेवतो.

"घरी जा. बघून या. मग ओरडा."

गेलो. बाबांच्या हातात ताईने दिलेला एक मेलेला रिमोट ठेवला आणि खाली बसून बघितलं. अंगठा सरळ होतच नव्हता. वाकडा करून, कडेने, नखाच्या बाजूने रेटत होते. एक बटण दाबायला अख्खा खांदा लागत होता.

दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं. ती बोल्ली, "मग चिकटत नाहीये ते. कडेने रेटलं की तिरकं होऊन झाकणाखाली अडकतं. नवं रबर टाकलं असतं तरी आठवड्यात फाटलं असतं. माझंच चुकलं, आधी विचारायला पाहिजे होतं."

तिने एका जुन्या रिमोटच्या रबरातला एवढासा तुकडा कापून बसवला. मग बटणाच्या भोकाची कड कानशीने घासली. थोडी घासायची, स्वतःचा अंगठा वाकडा करून कडेने दाबून बघायची. परत घासायची. दुपारचा डबा तसाच राहिला. मी टेम्पोवाला माणूस, मालवाल्या शेठला फोन करून सांगितलं, आजचा माल उद्या येईल.

*

रिमोट घरी आणला. बाबांनी दोनदा दाबून बघितला आणि उशाला ठेवून दिला. चेहऱ्यावर काय नाय.

संध्याकाळी मी कामावरून आलो. गॅस संपलेला, सिलेंडर बुक केलेला नाय. मी बायकोवर सुरू झालो. आतल्या खोलीत बातम्यांचा आवाज वाढला. बायको धावत गेली. "काय पायजे बाबा? पाणी?" बाबांनी मान हलवली, नाय. कूस? नाय.

ती परत आली, मी परत सुरू झालो. टीव्ही वाढला. त्याच्यावर ऐकू जावं म्हणून मी अजून वर गेलो. टीव्ही अजून वर. शेजारची कवाडं उघडली. मी तरातरा आत गेलो. बाबा पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे नाय. अंगठा बटणावर, वाकडा.

मी गप्प झालो. आवाज खाली आला, सावकाश, पार कुजबुजीपर्यंत. दारात बायको तोंडाला पदर लावून उभी.

मी बोलायला तोंड उघडलं. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या रेघा एकेक करून वाढायला लागल्या.