दुर्बीण आणि रस्त्याचं पोट

रस्ता आत्यानं वाकवला, असं आमच्या गल्लीत कुणीही छातीठोकपणे सांगेल. स्टँडवरून निघालेला रस्ता नाकासमोर येतो आणि बरोबर तिच्या शिलाईच्या दुकानाकडे पोट काढतो. म्हणे कुण्या इंजिनिअरच्या बायकोला आत्यानं कोट फुकट शिवून दिला आणि त्यानं नकाशावरची पेन्सिल तिच्या दारापर्यंत फिरवली. समोरचे सायकलवाले काका तर पेन्सिलीचा रंगही सांगतात.

सगळं झूठ. आत्यानं सख्ख्या भावालासुद्धा कधी फुकट काज करून दिलेलं नाही. तो भाऊ म्हणजे माझे बाबा, तेव्हा ही माहिती घरचीच. आणि रस्ता तिच्या जन्माआधीपासून वाकडा आहे. पूर्वी शहराभोवती तट होता, तटाबाहेर खंदक. तट पाडला, त्याचे दगड कोर्टात, मंडईत आणि नदीवरच्या पुलात जिरले. खंदक बुजवून रस्ता केला. खंदक इथे एका बुरुजाला वळसा घालून जायचा, म्हणून रस्ताही गेला. पुढे बुरूजही ढासळला आणि त्या जागी सायकलवाल्या काकांचं दुकान आलं. वळसा तेवढा उरला.

नवरा गेल्यावर आत्या पुढच्या खोलीत मशीन मांडून बसली ती या वळशाच्या भरवशावर. बस इथे करकचून ब्रेक मारते, उतारूंची नाकं काचेला लागतात आणि समोर दिसते आत्याची पाटी. थांबाही तिथेच, नाव 'वळण'. दहा उतरले तर एकाची तरी शिवण उसवलेली असतेच, असं तिचं म्हणणं.

गल्लीत तिला 'दुर्बीण' म्हणतात. माप घेता घेता ती उलटतपासणी घेते. "पँट कमरेत सैल कशी झाली? आजारी होतात, की दुसऱ्याची आहे?" दूधवाला जरा लवकर आला तरी, "आज कुणापासून पळतोयस रे?"

अशा बाईच्या दारात एका सकाळी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन मोजणीवाला उभा राहिला. रस्ता सरळ करायचा ठरला होता. त्यानं समोरच्या भिंतींवर फुल्या मारल्या, सायकलवाल्या काकांच्या शटरवर जरा मोठीच मारली आणि आत्याच्या भिंतीकडे ढुंकूनही न बघता निघाला.

"ओ फुलीवाले! माझी फुली कुठंय?"

"तुमची नाहीये, ताई. तुमचं काही जात नाही."

"समोरच्यांचं जातं, मग माझंच कसं नाही?"

"नशीब समजा."

"नशीब मी चांगलं ओळखते. त्याच्या हातात रंगाचा डबा नसतो."

काका शटरवरची फुली नखानं खरवडत ओरडले, "वा वहिनी! या वेळी कोट कुणाला शिवलात?"

आत्या काकांशी न भांडताच आत वळली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"वाचलीस की गं," मी म्हटलं.

"गप गं रेडिओ." मी सगळ्यांचे आवाज काढते म्हणून हे नाव. तिनं टेबलावर टेप अर्धगोल ठेवला आणि त्याच्या फुगीर बाजूला कात्री टेकवली. "ही मी. आता टोकं ओढ."

मी ओढली. टेप ताठ झाला आणि कात्रीपासून वीतभर लांब गेला.

"बघितलंस? पोट आत गेलं की रस्ता काकांच्या अंगावर जातो, माझ्यापासून सुटतो. भिंत मला ठेवतायत आणि गिऱ्हाईक घेऊन चाललेत."

झालंही तसंच. काकांचं निम्मं दुकान गेलं. आत्यासमोर धुळीचा एक रिकामा पट्टा पडला आणि त्यापलीकडे सुतासारखा सरळ रस्ता. थांब्याचा खांबही उपटून पुढच्या चौकात नेला.

"बस आता कशाला थांबतेय?" मी म्हटलं. "मशीन उचल आणि चौकात चल."

"थांबेल."

"पैज?"

"पैज. हरले तर उद्याच मशीन उचलते. तू हरलीस तर महिनाभर हुक आणि बटणं तुझ्याकडे."

"पण कशावरून थांबेल?"

"काल मैत्रिणीला काय सांगत होतीस? 'दरवाज्यात भेट.' पाहिलायस कधी दरवाजा? तटाबरोबर तोही गेला. माणसांवर माझा काडीचा विश्वास नाही बाई, पण त्यांच्या सवयी बऱ्या असतात."

रस्ता सुरू झाला त्या सकाळी आत्या मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसली. मी समोर, ओठांत टाचण्या धरून एका झग्याची घडी टाचत होते. लांबून बस दिसली. गुळगुळीत रस्ता, भरधाव वेग. मी मनात जिंकलेच होते. तेवढ्यात ब्रेक किंचाळला. आतले उतारू न आलेल्या वळणासाठी सवयीनं एका बाजूला कलले आणि कंडक्टरचा आवाज आला, "वळऽऽण! वळणवाले उतरा!"

आत्याचा पाय मशीनवर थांबला. तिनं रस्त्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तूच ना गं?"

मी नकारार्थी मान हलवली. तिनं माझी हनुवटी धरली आणि मिटल्या ओठांतल्या टाचण्या निरखू लागली. ती धरलेली असतानाच बाहेरून पुन्हा, "वळणवाले, आटपा की!"

तेव्हा कुठे तिनं हात सोडला. फाटक्या खिशाचा कोट सावरत एक गृहस्थ धूळ तुडवत दाराशी येत होते. आत्यानं बटणांचा डबा पायानंच माझ्याकडे सरकवला आणि चष्मा नाकावर ओढला.

"या. आधी सांगा, खिसा फाटला कसा?"