चाकसूची न पेटलेली चूल

आजोबा सिनेमात काय करायचे, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ते कलादिग्दर्शक होते, पण एकाच कामापुरते. ते काम कसं गेलं ते क्रमाने लिहिते, कारण चूक माझी होती.

मुंबईत चौदा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या हाताखाली सेट उभे केले. मला जयपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, म्हणून ते माझ्याबरोबर बनी पार्कात राहायला आले. वर्षही झालं नव्हतं, तोच एका टीव्ही मालिकेचं काम चालून आलं. निर्मात्याला जयपुरात राहणारा माणूस हवा होता. पहिल्यांदाच पडद्यावर त्यांचं स्वतःचं नाव येणार होतं.

जयपूरजवळच्या चाकसू गावात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात त्यांनी स्वयंपाकघर रचलं. चूल स्वतः घातली. काजळी रंगाने करायला ते तयार नव्हते. आठवडाभर गोवऱ्या जाळून भिंत काळी केली. डोळे सुजले होते, पण इतके आनंदात मी त्यांना क्वचितच पाहिलं. नवी सून पहिल्यांदा चूल पेटवते, हा मुख्य प्रसंग. नटीच्या तारखा मिळत नव्हत्या. शेवटी होळीनंतरचा एक दिवस निघाला, तेव्हा ते म्हणाले, "सणवार नाही ना, तेवढं बघून ठेव."

मी पुण्याहून आलेलं कॅलेंडर पाहिलं. चौकोन कोरा होता. तसं सांगितलं. आपल्याकडे शीतळा सप्तमी श्रावणात येते. तिकडे शीतळेचा दिवस होळीनंतर आठवड्याने पाळतात, हे मला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारावं, असं वाटलंही नाही.

त्या दिवशी मीही गेले. रस्त्यात जत्रेची गर्दी होती. बाईंनी आम्हाला आदल्या दिवशीच्या गार पुऱ्या आणि दही दिलं. चूल पेटवायची म्हणताच त्या दारात येऊन बसल्या.

"आज घर में आग नहीं जलेगी, साहब. माता का दिन है."

दिग्दर्शकाने चुलीत लाल बल्ब ठेवायचं सुचवलं. बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. मग निर्माता सगळ्यांदेखत ह्यांना म्हणाला, "भाईसाहब, आपको यहाँ का समझकर लिया था. यह तो मेरा ड्राइवर भी बता देता."

"ग़लती मेरी है," हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

नटी दुपारीच परत गेली. तो प्रसंग पुढे मुंबईत दुसऱ्या कलादिग्दर्शकाने उभा केला. मालिका लागली, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांकडे बघायला गेलो. तुमची आई आठ वर्षांची होती, हिंदी शाळेमुळे भरभर वाचायची. नावं संपल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुमचं कुठाय?"

"पटकन गेलं गं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. काही वर्षं शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पडदे रंगवले, मग तेही थांबलं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.