दोन भोकांची पट्टी

माझ्या थोरल्या दिरांइतका जमिनीपासून वर राहणारा शेतकरी अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात सापडायचा नाही. वर म्हणजे मोजून दीड हात. साखर कारखान्यातून फिटर म्हणून ते निवृत्त झाले, त्याच महिन्यात त्यांनी बांधाजवळच्या दोन झाडांना एक झोळी टांगली, आणि त्यानंतर अकरा वर्षं दिवसाउजेडी ते जमिनीवर फक्त जेवणापुरते आणि गरजेपुरते उतरले. झोळी कारखान्यात गाळायला वापरतात तसल्या जाड कापडाची. पेपर वाचणं, मोबाईलवर कांद्याचा भाव बघणं, गड्याला कामं सांगणं, पाहुण्यांशी बोलणं, सगळं झोळीतून. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, "सप्तपदीला सात पावलं चालले माझ्यासंगं, तेवढंच. पुढचं सगळं लोंबकळत."

पण झोळी हे काही भाऊजींचं खरं प्रेम नव्हे. खरं प्रेम झोळीच्या दोराला असलेल्या एका लोखंडी पट्टीवर. ही पट्टी बोटाच्या लांबीची, दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना एकेक भोक. भंगारातला तुकडा उचलून त्यांनी स्वतः कापलेली आणि कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. दोर एका भोकातून आत घ्यायचा, झाडाला वळसा घालायचा, दुसऱ्या भोकातून बाहेर काढून टोक अडकवायचं. पट्टी एकीकडे सरकवली की दोर ताणतो, दुसरीकडे सरकवली की सैल होतो. झोळीत माणूस बसला की पट्टी तिरपी होते आणि दोर असा धरते की बैल लावून ओढला तरी सुटत नाही. बस, एवढंच. मला हे एका मिनिटात कळलं, कारण मला चार गायींच्या धारा काढायच्या असतात. भाऊजींनी मात्र ते मला अकरा वर्षं समजावून सांगितलं, दरवेळी नव्यानं शोध लागल्यासारखं.

त्या दोरावर लाल ऑइलपेंटनं खुणा होत्या. एक पेपर वाचायच्या उंचीची, एक झोपेची, आणि एक पाहुण्यांची. पाहुण्यांची खूण पाहुण्यागणिक बदलायची. जावई आले की झोळी खाली, म्हणजे जावयाला मान वर करावी लागू नये. एकदा विम्याची पॉलिसी विकायला कुणी आला, त्याला त्यांनी ठेंगण्या बाकावर बसवलं आणि बोलता बोलता तीनदा खाली उतरून, पट्टी सरकवून, परत वर चढले. शेवटी तो माणूस आकाशाकडे बघत हप्ते समजावत होता. मान अवघडली म्हणून तोच उठून गेला. "भांडलो न्हाई, नको म्हनलो न्हाई," भाऊजी मला समाधानानं सांगत होते, "निस्ती झोळी चार बोटं वर घेतली."

गावात कुठे बारसं असलं की लोक झबली, टोपडी नेतात. भाऊजी पट्टी न्यायचे. बाळाची झोळी बाळ न उठवता वरखाली करता येते, हा त्यांचा मुद्दा अगदी बरोबर होता, पण समजावून सांगायला ते इतका वेळ घ्यायचे की तोवर बाळ उठायचंच. शेवगावच्या आमच्या नातेवाइकांकडे त्या पट्टीला आता घराच्या किल्ल्या अडकवलेल्या आहेत. जामखेडला पुतणीच्या लग्नात तर त्यांनी मांडवाचे दोर ढिले दिसले म्हणून पिशवीतून आठ पट्ट्या काढल्या आणि मुहूर्ताची वाट बघत बसण्याऐवजी मांडवभर फिरून एकेक दोर ताणला. मंगलाष्टकं तिसऱ्यावर आली तेव्हा पूर्वेकडचा एक खांब जमिनीवरून वीतभर उचलला गेलेला होता आणि मांडववाला त्याला मिठी मारून उभा होता. अक्षता टाकता टाकता लोक वधूवरांऐवजी त्या खांबाकडे बघत होते.

आता दुसऱ्या झाडाबद्दल सांगायला हवं. आमची वस्ती तीन भावांची. थोरले भाऊजी, मधले भाऊजी आणि आमचे हे धाकटे. झोळी टांगली तेव्हा रान सामायिक होतं. एक टोक बाभळीला, एक टोक मोठ्या कडुलिंबाला. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली, सरकारी मोजणी आली, आणि मोजणीवाल्यांनी हद्दीचा दगड भाऊजींच्या अंदाजापेक्षा दीड हात अलीकडे रोवला. बाभूळ थोरल्यांकडे राहिली, कडुलिंब मधल्यांकडे गेला. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याच्या रानात मी पाय ठेवनार न्हाई." त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

झोळी मात्र तशीच राहिली, कारण पट्टी बाभळीच्या बाजूला होती. ताणायचं, सैल करायचं, सगळं आपल्या हद्दीतून होत होतं. भाऊजींचं डोकं स्वतःच्या रानात असायचं आणि पाय भावाच्या रानावर, हवेत. त्यावर मधले भाऊजी मला म्हणाले, "पाय ठेवनार न्हाई म्हन्तो आन् दोन्ही पाय माझ्याकडं पसरून झोपतो. झाड माझं, सावली माझी. वारा तेवढा सामायिक हाय." मी हे थोरल्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, पाय ठेवला कुठं, टेकलाय का जमिनीला? मी म्हटलं, मग उलटे झोपा, मिटलं. त्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग डोकं त्याच्याकडं जाईल. पायाचं मी बोललोय. डोक्याचं आजून ठरलं न्हाई."

तेव्हापासून टाच जमिनीला लागू नये हा त्यांचा रोजचा उद्योग झाला. दोर वजनानं हळूहळू ताणला जातो, म्हणून दर दोन दिवसांनी पट्टी बोटभर पुढे. एका पावसाळ्यात मधल्यांच्या बाजूला गवत वाढलं आणि टाचेला गुदगुल्या व्हायला लागल्या. गवत म्हणजे जमीन धरायची का, असं भाऊजींनी मला गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, मी तलाठी आहे का. त्यांनी धोका पत्करला नाही. गवत वाढेल तशी झोळी वर गेली. गणपती बसले तेव्हा ती माझ्या छातीला लागत होती आणि भाऊजी स्टुलावरून आत चढत होते. गौरी आल्या त्या दिवशी स्टूल सरकलं आणि भाऊजी स्वतःच्या हद्दीत पडले, घोट्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कडुलिंबाखालचं गवत साफ कापलेलं. मधल्या भाऊजींना विचारलं, तर म्हणाले म्हशीला वैरण नव्हती. त्यांच्या गोठ्यात हत्तीगवताचा ढीग मला दिसत होता.

निरोप्याचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं घर बांधाच्या टोकाला आहे. थोरले म्हणायचे, "मंदा, त्याला सांग मोटर चालू राहिलीय." मधले दहा पावलांवर उभे असायचे, सगळं ऐकायचे आणि मला म्हणायचे, "त्याला सांग, बंद करतो." सुरुवातीला मी दोन्हीकडचं पुन्हा मोठ्यानं बोलून दाखवायचे. मग सोडून दिलं. मध्ये नुसती उभी राहायचे, शेण भरत, नाहीतर बादल्या विसळत. काम होत होतं. आमचे हे मला म्हणायचे की तू भांडण मिटव. मी म्हणायचे की मला सकाळी सहा लिटर आणि संध्याकाळी पाच लिटर दूध घालायचं असतं, तुम्ही मिटवा. पण मला एवढं दिसत होतं की त्या दोघांत आता एकच वस्तू उरली होती, आणि ती दोन झाडांना बांधलेली होती.

या हंगामात अडचण आली. जामखेडकडची ऊसतोडीची टोळी दरवर्षी आमच्याकडे यायची, ती यंदा आली नाही. मुकादमानं सरळ सांगितलं, माणसं मिळत नाहीत. म्हणजे हार्वेस्टर लावायचा. हार्वेस्टरचा चालक मधल्या भाऊजींचं रान बघायला आला, चालत बांधापर्यंत गेला आणि म्हणाला, वळायला जागा नाही, हे झाड गेलं पाहिजे. मधले भाऊजी संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसले. चहा घेतला नाही. त्यांनी मला दोनदा सांगितलं की त्यांच्या मनात तोडायचं नाही, पण दुसरीकडून वळत नाही, ऊस उभा वाळेल. मग म्हणाले, "दादाला सांग. तू सांग."

मी जाऊन सांगितलं. भाऊजी झोळीत होते. पेपर तोंडावर होता, तो त्यांनी काढला नाही. म्हणाले, "झाड त्याचं हाय." पुढचे आठ दिवस ते झोळीत फारसे आडवे झाले नाहीत. बाभळीपाशी उभे राहून पट्टी थोडी पुढे घ्यायचे, थोडी मागे, आणि परत जागेवर. दोर ते आपल्याकडे ओढून घेऊ शकत नव्हते, कारण त्याचं दुसरं टोक सोडायला कडुलिंबापाशी जावं लागलं असतं. आणि मधल्यांनी ते सोडलं असतं तर झोळी त्यांनी पाडली असं झालं असतं. जाऊबाईंनी तर सांगून टाकलं की हे दोघं बघत राहतील आणि झाड झोळीसकट पडेल.

रीतसर परवानगी आली आणि करवतवाला सकाळी मशीन घेऊन आला. झोळी जागेवर, दोर ताठ. त्यानं कमरेचा कोयता काढला, एका घावात दोर मोकळा करायला. मधले भाऊजी म्हणाले, "दोराला हात लावायचा न्हाई." मग स्वतः बुंध्याशी उकिडवे बसले आणि गाठ सोडायला लागले. ती त्यांनीच बांधलेली, झोळी टांगली त्या दिवशी. अकरा वर्षांत झाडाची साल दोरावर चढली होती. आधी नखांनी, मग खुरप्याच्या टोकानं. गाठ हलेना. इकडे थोरले भाऊजी बाभळीखाली उभे, एक हात पट्टीवर. ताण कमी झाल्याशिवाय ती गाठ सुटणार नाही, हे करवतवाल्यालासुद्धा कळत होतं. मी बादली घेऊन मध्ये उभी होते, सवयीनं. पण माझ्याकडे कुणी बघितलंच नाही.

"दादा," मधले भाऊजी मान वर न करता म्हणाले, "ढील दे."

भाऊजींनी पट्टी सरकवली. "किती?"

"आजून दोन बोटं."

"दिली. बघ."

"हां. आली."

मी बादली खाली ठेवली. थोरल्यांनी आपल्याकडचं टोक पट्टीतून काढलं. मधल्यांनी दोर कोपरावर गुंडाळायला घेतला. दोर गुंडाळायचा तर माणसाला त्याच्याबरोबर पुढे चालत यावं लागतं. ते एकेक वेढा घेत, वाटेत आलेली झोळी खांद्यावर टाकत, बांधापर्यंत आले आणि थांबले. थोरले आपल्या बाजूनं बांधाशी आले. गुंडाळी या हातातून त्या हातात गेली. कुणीही हद्द ओलांडली नाही.

"माझ्याकडं लोखंडी खांब पडलाय," मधले म्हणाले. "कडंला रोवून देतो. हार्वेस्टरला आडवा येनार न्हाई."

थोरल्या भाऊजींनी झोळी झटकली, घडी घातली. "खांबाला सावली नसती," ते म्हणाले. रागानं नाही, एखाद्याला माहिती द्यावी तसं.

करवत सुरू झाली तेव्हा दोघंही तिथेच उभे होते. झाड पडायला दुपार झाली.

हार्वेस्टर येऊन गेला. वळायला जागा भरपूर होती. ऊस वेळेत कारखान्याला गेला, आणि आता उन्हं तापली आहेत. दुपारी बांधावर कुणी थांबू शकत नाही, बाभळीची सावली नावापुरती. त्यामुळे जेवणं झाली की दोघंही माझ्या ओट्यावर येतात, कारण तिन्ही घरांत माझाच ओटा उत्तरेला आहे. एक प्लॅस्टिकच्या खुर्चीत, दुसरा पायरीवर. मोजणीचा विषय निघत नाही. गुडघे, कांदा, मोटारीचं वायंडिंग, एवढंच. पुष्कळदा तेवढंही नाही. तीन वाजता चहा लागतो, आणि माझी दुपारची तासाभराची झोप गेली आहे, ती गेलीच.

दोघं बोलत नसतात तेव्हा बांधाकडे बघत बसतात. काल कप उचलताना मी विचारलं, रोज तिकडे काय बघता?

"काही न्हाई गं," थोरले भाऊजी म्हणाले. "उजेड लई पडतो आता."

"व्हय," मधले म्हणाले.