पंचमीच्या वाटेवरचा पूल

सोमवारी सकाळी ऑफिसच्या खिडकीच्या काचेवर मी दोन नकाशे एकाला एक जोडून धरले... आणि रस्ता मधेच तुटला!

मी सांगलीला रस्त्यांच्या ऑफिसात टेम्पररी ट्रेसर आहे. घरातली पहिली बी.ए., आणि काम दिवसभर नकाशे गिरवायचं! पण सध्या त्याचाही अभिमान वाटतो. पाटणच्या घाटाकडून सांगलीवरून विजापूर आणि तिथून पुढे दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्या हमरस्त्याचा प्रस्ताव आम्ही तयार करत होतो. शनिवारी तो पुण्याला जायचा होता.

आमच्या गावाजवळचा ओढा ही जुनी हद्द. ओढ्याच्या एका काठाला संस्थान, दुसऱ्या काठाला इंग्रजांचा जिल्हा. संस्थान विलीन झालं, पण नकाशे दोनच राहिले... आणि दोघांनीही आपली हद्द संपली की पुढचा कागद कोरा सोडलेला. दोन्हीकडचे रस्ते ओढ्यापर्यंत नीट येत होते. फक्त एक वर आणि एक खाली, मैलभराच्या अंतराने!

आमचे ओव्हरसियरसाहेब सातारचे, वयस्कर, शिस्तीचे. त्यांनी बराच वेळ नकाशे पाहिले. पूल एकच मिळणार, तो कुठे हे शनिवारपर्यंत ठरलं नाही तर हा सगळा तुकडा गाळून रस्ता उत्तरेकडून न्यावा लागेल, असं ते म्हणाले. म्हणजे आमच्या बाजूची गावं पुन्हा पावसाळाभर अडकलेलीच...

मी घाईने सुचवलं, खालच्या बाजूला घेऊ या. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, खालच्या बाजूला तुमचं गाव आहे ना?"

मला फार लागलं. कारण ते थोडं खरं होतं.

बुधवारी सुट्टी होती, घरी गेले. आई जोंधळे पाखडत बसली होती. मी जमिनीवर कोळशाने ओढा काढून तिला विचारलं, पूल वर बरा की खाली? तिने सूप थांबवलंही नाही. "दोनी न्हाईत. आमी पंचमीला खडकावरनं जातोय."

आईचं माहेर ओढ्यापलीकडचं. लग्न झाल्यापासून दर श्रावणात ती पंचमीला माहेरी जाते, भर पावसात. खडकाचा उतार, म्हणजे पाण्यातून चालत ओलांडायची जागा, वरच्या आणि खालच्या जागेच्या मधे कुठेतरी आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं... पण तो दोन्ही नकाशांत नव्हता, म्हणून माझ्या डोक्यातही आला नाही. मी शिकले ते नकाशे वाचायला, आणि नकाशात नसलेलं विसरायलाही!

मग मी घरोघर फिरले. पलीकडून आमच्या गावात दिलेल्या, आई धरून, अकरा जणी निघाल्या. प्रत्येकीला वेगळं विचारलं, शेजारणीचं उत्तर न सांगता. अकराही जणींनी खडकाचंच नाव घेतलं.

गुरुवारी साहेबांना सगळं सांगितलं. पुन्हा संशय नको म्हणून, तो उतार आमच्या गावापासून अर्धा मैल लांब आहे, हेही आधीच सांगून टाकलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी ऑफिसची जीप काढली आणि मला म्हणाले, बसा.

गावात जीप थांबवून हाक दिली, तशा आई आणि पाच-सहा जणी ओढ्यावर आल्या. दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांनी मोजणी करून जागा ठरवल्या होत्या, त्यांना हा खडक कसा दिसला नाही, असं साहेबांनी विचारलं. आमच्या शेजारच्या तानूकाकी पदर सावरत पुढे झाल्या.

"आवं सायेब, ते आलं उन्हाळ्यात. तवा वढ्यात पाणी न्हाई, सगळीकडनंच रस्ता हाय. आमी जातोय श्रावणात, काखंला पोर घिऊन."

साहेब हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. आणि खडकावर पाणी किती चढतं, असं त्यांनी विचारलं. काकींनी वाकून गुडघ्याला हात लावला. "हितवर. वरच्या अंगाला न् खालच्या अंगाला बैल वाहून गेल्यात. हितनं कुणी गेलं न्हाई."

पहार मागवून साहेबांनी दोन्ही काठांना ठोकून पाहिलं. सगळीकडे घट्ट खडक... पुलाच्या पायाला याहून चांगली जागा कुठली! त्यांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, खिशातली लाल पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली. दोन्ही रस्ते थोडे थोडे वळवून मी ते खडकावर आणून जोडले. आता रेघ सलग होती.

दुपारी ऑफिसात साफ नक्कल काढताना "आधार" या रकान्यापाशी अडले. साहेब म्हणाले, स्थानिक चौकशी असं लिहा. मी लिहिलं नाही. त्या अकरा जणींची नावं घालू का, असं विचारलं. त्यांनी रकान्याची रुंदी बोटाने मोजली. "घाला. पण अक्षर बारीक काढा, रकाना लहान आहे."

संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं. सरकारी कागदावर तिचं नाव कधी लागलेलंच नव्हतं. मला वाटलं ती लाजेल, नको म्हणेल. ती म्हणाली, "गाव कंचं लावलंस?"

हेच, सासरचं... मी म्हटलं.

"मग त्यास्नी कसं कळायचं, आमी वढा वलांडून का जातोय त्ये?"

शनिवारी पहिल्या मोटारीने सांगली गाठली. डाकेची वेळ व्हायच्या आत प्रस्ताव पुन्हा उघडून घेतला आणि अकरा नावांपुढे अकरा माहेरं लिहिली... अक्षर आणखी बारीक काढून.

रस्ता कधी होईल, होईल का, मला माहीत नाही. पुण्याला असे ढीगभर प्रस्ताव जात असतील. पण इतकी चांगली साक्ष त्यातल्या दुसऱ्या कुठल्या कागदावर असेल, असं मला वाटत नाही.