ईटच्या शाळेतला एक प्रश्न

संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता. पुण्याहून निघून मी कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडली आणि बार्शीच्या छोट्या गाडीत बसले. ती इतकी सावकाश चालते, की रुळांकडेच्या शेतातल्या बायका डब्यातल्या माणसांना "कुठं निघालाव?" म्हणून विचारतात आणि उत्तरही ऐकून घेतात.

मी पुण्यात शिक्षिका होणाऱ्या मुलींना शिकवते. मुलांचं मन हा माझा विषय. पण आदल्या वर्षी माझी एकुलती एक मुलगी, विजया, विषमज्वरानं गेली. तेव्हापासून वर्गात मी बोलत होते ते सगळं पाठ केलेलं होतं. सकाळच्या प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचे. घरी आम्ही दोघं नवरा-बायको तिचं नाव टाळून बोलायला शिकलो होतो.

अशात सुलोचनाचं पत्र आलं. ही माझी जुनी विद्यार्थिनी उस्मानाबाद जिल्ह्यात, भूम तालुक्यातल्या ईट गावी शिक्षिका होती. "बाई, शनिवारी मी मुलांचा एक वेगळा तास घेते. बरोबर घेते की चूक, हे सांगणारं इथं कुणी नाही. एकदा याच," असं तिनं लिहिलं होतं. घराबाहेर पडायला कारण मिळालं, म्हणून मी निघाले. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नव्हे.

बार्शीहून भूमच्या एस्टीत बसले. वाटेत इंजिन तापलं आणि गाडी थांबली. ड्रायव्हर डबा घेऊन जवळच्या विहिरीवर पाण्याला गेला. आम्ही खाली उतरलो. शेजारचे पटकेवाले म्हातारबाबा एका पडक्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं करोडगिरीचा नाका हुता, बाई. निजामाच्या हद्दीत शिरताना मालावर जकात घ्यायचे. सासरी निघालेल्या पोरीचं बोचकंसुदिक सोडून बघायचे. आता बघा, कवा हद्द वलांडली त्ये कळत बी न्हाय." एवढं बोलून त्यांनी कनवटीचा तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. बाकीच्या वाटेत मी तो थोडा थोडा खाल्ला.

भूमला सुलोचना बैलगाडी घेऊन आली होती. ऐन विशीतली, काटक, उन्हानं रापलेली. ईटपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. मध्येच करडईचे पिवळे पट्टे. तिची खोली माळवदाची होती (मातीचं सपाट छप्पर असलेलं घर). शेजारणीनं ज्वारीच्या भाकरी आणि येसराची आमटी (भाजून दळलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार कालवण) आणून दिली. आमटी इतकी तिखट, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारीण घाबरून म्हणाली, "गूळ खावा, बाई, गूळ!" त्या दिवशी किती तरी महिन्यांनी मी पोटभर जेवले.

शनिवारी सकाळी शाळेत गेले. चौथीच्या वर्गाच्या कोपऱ्यात एक गाडगं होतं. मुलांना आठवडाभर जे विचारावंसं वाटेल ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, नाव घालायचं नाही, आणि शनिवारी सगळ्यांनी मिळून त्यावर बोलायचं, असा तो तास. सुरुवातीला सगळ्यांनी डोळे मिटून थोडा वेळ गप्प बसायचं. ना श्लोक, ना उपदेश.

देव उपाशी राहतो का? मारकुट्या बैलाला पाप लागतं का? मुलं तावातावानं भांडत होती, हसत होती. सुलोचना उत्तर देत नव्हती. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारत होती. मग तिनं एक चिठ्ठी उघडली, वाचली आणि माझ्या हातात दिली. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : 'मेलेल्या मायला आपून आठवतो का'.

मी ते मोठ्यानं वाचलं. मुलांच्या मनावरची व्याख्यानं मी वर्षानुवर्षं दिली होती. पण त्या मुलांना मी म्हणाले, "मला माहीत नाही. माझी मुलगी गेल्या वर्षी वारली. विजया नाव तिचं. मलाही हेच विचारायचं असतं, पण कुणाला विचारू ते कळत नाही."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं गुडघ्यांत डोकं घातलं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. तिची मैत्रीण तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मुलीचं नाव गोदावरी. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिचे वडील, ज्ञानबा, सुलोचनाच्या दारात येऊन उभे राहिले. उंचेपुरे शेतकरी, डोळे तांबारलेले.

"काल शाळंतनं आल्यापसनं पोरगी रडतीया. म्या तिला लिव्हाय-वाचाया पाठवितो, मेलेल्याचं काढाया न्हाय. उद्यापसनं ती शाळंला यायची न्हाय."

एका लेकराची शाळा माझ्या तोंडामुळं सुटत होती. मी काही बोलणार, तोच सुलोचना शांतपणे म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, ज्ञानबाकाका. बाई पुण्याहून आल्यात. तुमच्या रानात हुरडा खायला आलो तर चालेल का?"

ते क्षणभर गोंधळले. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? "या की," म्हणाले आणि गेले.

दुपारी आम्ही गेलो. ज्ञानबांनी आगटी (कणसं भाजायचा खड्डा) पेटवली होती. गोदावरी दूर बांधावर बसली होती. ज्ञानबा निखाऱ्यातून कणीस काढत, तळहातावर चोळून फुंकत, आणि हिरवे कोवळे दाणे आमच्या पुढ्यात ओतत.

सुलोचना म्हणाली, "एकही दाणा करपलेला नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?"

त्यांनी पुढचं कणीस चोळायला घेतलं. ते म्हणाले, "तिनंच. गोदीच्या मायनं. म्या लई करपवायचो. ती हसायची."

मग ते आगटीकडे बघत बोलत राहिले. तिची लुगडी त्यांनी बहिणीला देऊन टाकली होती. तिचा विषय काढायचा नाही, अशी पोरीला ताकीद होती. "म्या रडत बसलो तर औत कोण धरील, बाई? म्हनलं, आपून बोलायचंच न्हाय. पोरगी इसरंल. काल कळलं, ती काय बी इसरली न्हाय. म्याच एकटं पाडलं तिला."

गोदावरी केव्हा जवळ आली, कळलं नाही. त्यांनी तिला मांडीशी ओढून घेतलं.

"चंदरभागा नाव हुतं तिचं," ते मला म्हणाले. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव चारचौघांत सहसा घेत नाही. गोदावरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग त्यांनी माझ्यापुढे दाण्यांची ओंजळ धरली. "तुमच्या लेकीचं गोदीनं सांगितलं मला. तुमी बी सांगा की, बाई. काय आवडायचं तिला?"

हे मला वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. लोक सांत्वन करून जात, धीर धरा म्हणत. त्या रानात बसून मी सांगितलं : विजयाला पेरूच्या झाडावर बसून अभ्यास करायला आवडायचं, खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे. ज्ञानबा हसले. मीही हसले, आणि मग पदर तोंडाशी धरून रडले. सुलोचनानं मला गप्प केलं नाही.

परतताना मी तिला म्हणाले, "तुझा तास बरोबर आहे का, ते मला विचारू नकोस. मीच तुझ्याकडे शिकायला आले होते असं समज."

"असं काय बोलता, बाई!" म्हणत ती वाकून माझ्या पाया पडली.

सोमवारी सकाळी ज्ञानबा स्वतः गोदावरीला शाळेत सोडायला आले. निघताना मी बैलगाडीत बसले, तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीत हुरड्याची पुरचुंडी ठेवली.

भूमहून बार्शीवरून पुढे जाणाऱ्या एस्टीत माझ्याशेजारी एक अनोळखी बाई बसली. गाडी हलली तशी तिनं विचारलं, "लेकरं किती तुमास्नी?"

"एक मुलगी होती," मी म्हणाले, आणि विजयाचं सगळं आपणहून सांगत गेले. ती मध्येच "व्हय का," म्हणे, मध्येच माझ्या हातावर हात ठेवी. बार्शी कधी आली कळलं नाही. घरी गेल्यावर नवऱ्याशी काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, हे मला आता ठाऊक होतं. घरापासून पळ काढायला म्हणून मी त्या गावी गेले होते. त्या माणसांनी मला माझ्या मुलीविषयी परत बोलायला शिकवलं. त्यांचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू?

खाली उतरून मी छोट्या गाडीकडे निघाले, तेवढ्यात एस्टीच्या खिडकीतून ती बाई ओरडली, "ओ बाई! म्या बी ध्यानात ठेवीन बरं का तुमच्या विजीला!"